मालिशचं लायसन

आमच्या केंद्रात दोन गोष्टी रोज साचतात. चादरींवर तेलाचे डाग आणि आमच्याकडे किस्से. चादरी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्या की डाग निघतात. किस्से निघत नाहीत. उलट जो येतो तो टेबलावर पालथा झोपतो आणि आणखी एक सांडून जातो. तोंड उशीत गेलं, समोरचा माणूस दिसेनासा झाला, की माणूस खरं बोलायला लागतो. हे मला पुण्यात कळलं होतं, वडवणीत पक्कं झालं.

पण ते लोकांचे किस्से. टेबलावर ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम! म्हणून आज सांगते ते आमचे स्वतःचे. लायसनच्या भानगडीत जमा झालेले.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी संगीता. लग्नानंतर काही वर्षं आम्ही पुण्यात होतो. तिथं मी मसाज थेरपीचा कोर्स केला आणि एका वेलनेस सेंटरमध्ये नोकरी केली. पुढं शेती बघायला आमचे मिस्टर गावाकडं परतले, तशी मीही आले. गाव वडवणीच्या जवळच. आल्यावर बघितलं तर काय, पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, साखर कारखान्यावरनं परतलेल्या ऊसतोडीच्या बायका कमरेवर हात ठेवून चालतायत. बाळंतिणीला शेकायला-चोळायला घरात जाणतं कुणी उरलं नाही. मान आखडली की लोक दुखण्याची गोळी गिळून शेतात जातायत. म्हटलं, आपल्याला येतंय ते इथंच करू.

माझ्याबरोबर दोघं. एक शेवंतामावशी. बाळ-बाळंतिणींची मालिश करण्यात त्यांची हयात गेली. दुसरे धारूरचे रज्जाक वस्ताद. एकेकाळचे पैलवान, तालमीत पोरांची अंगं रगडून रगडून हाताचे पंजे फावड्याएवढे झालेले. बायकांच्या खोलीत मी आणि मावशी, पुरुषांच्या खोलीत वस्ताद. मध्ये पक्की भिंत आणि दोन वेगळी दारं. बाहेर बोर्ड लावला, 'मालिश केंद्र'.

तिथून सगळं सुरू झालं!

*

दुकानाची नोंदणी ऑनलाइन होते, ती झाली. पण गावात असा धंदा करायचा तर आणखी एक परवाना लागतो, असं कळलं. लागतो तर काढू, त्यात काय! वस्तादांना बरोबर घेऊन एका कचेरीत गेले. कोणती ते सांगत नाही, माणसं चांगली होती. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर उघडला.

"दवाखाना हाय का ताई?"

"न्हाई. आमी औषध देत न्हाई."

"मग जिम?"

"न्हाई."

"सलून?"

"न्हाई हो. मालिश केंद्र हाय."

भाऊसाहेबांनी यादी वरून खाली बघितली, मग खालून वर बघितली. "ह्यात मालिश न्हाईच की!"

"मग घाला."

"मी कसं घालू? यादी वरून येती."

मग आम्ही वर गेलो. वरच्यांनी आरोग्यवाल्यांकडं पाठवलं. आरोग्यवाले म्हणाले, आमच्याकडं डॉक्टर येतात, नर्स येतात, फिजिओथेरपीवाले येतात, मालिशवाले येत नाहीत. म्हटलं पोलिसांना विचारावं. तिथल्या जमादारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रेमानं म्हणाले, "ताई, लायसन आमी देत न्हाई. तुमी काही गुन्हा केला तर मात्र अवश्य या!"

फिरून फिरून पुन्हा भाऊसाहेबांच्या टेबलाशी. त्यांनाही आमची दया आली. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, एक काम करा. ब्यूटी पार्लर म्हणून घेऊन टाका. ते यादीत हाय. आजच्या आज होतंय."

मी मागं वळून बघितलं. रज्जाक वस्ताद प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आले होते. मिशांची टोकं कानाकडं निघालेली.

"भाऊसाहेब, ह्यांच्याकडं एकदा नीट बघा. मग सांगा, पार्लर म्हणून घेऊ का?"

भाऊसाहेबांनी बघितलं. वस्तादांनी मान खाली घातली आणि लाजून म्हणाले, "मला मेकअप येत न्हाई साहेब. शिकावा लागल."

अख्खी कचेरी हसली! मीही हसले. पण अर्ज लिहिताना धंद्याच्या नावापुढं मोठ्या अक्षरात 'मालिश' असंच लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या नावानं आपलं काम करायचं नाही, हे मी त्या खुर्चीसमोरच ठरवलं होतं.

*

बोर्डावर मोबाइल नंबर होता. त्याचा त्रास वेगळाच.

फोन यायचे. "मॅडम, मसाज हाय ना? काय काय मिळतं? स्पेशल काही?" आवाजावरूनच कळायचं. सुरुवातीला मी फोन कट करायचे. टेबलावर झोपलेल्या बाईला तेवढा वेळ तसंच थांबावं लागायचं. आमचे मिस्टर म्हणाले, नंबर पुसून टाकू. मावशी म्हणाल्या, बोर्डच बदल, 'अंगदुखी केंद्र' लिही. मी म्हटलं, का म्हणून? लाज त्यांना वाटायला पाहिजे, आपण बोर्ड का पुसायचा?

त्या दिवसापासून फोन वस्तादांच्या टेबलाशेजारी ठेवला.

पहिला फोन आला तो मी दारातून ऐकला. वस्ताद एका हातानं गिऱ्हाइकाची पोटरी रगडतायत, दुसऱ्या हातात फोन.

"हां, बोल बेटा... स्पेशल? हाय की! स्पेशल मी स्वतः करतो. गरम मोहरीचं तेल, वर माझा गुडघा. उपाशी पोटी ये. लंगोट घेऊन ये, नसल तर आमच्याकडं हाय."

पलीकडून फोन बंद! असं रोज चाललं. हळूहळू असले फोन यायचे कमी झाले.

पण एक गडी खरंच आला हो! बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर, डोळ्याला गॉगल. दारात वस्तादांना बघितल्यावर त्याचा चेहरा असा पडला, की मला क्षणभर वाईट वाटलं. परत फिरायला लागला, तर वस्तादांनी खांद्यावर पंजा ठेवला. "फोन तूच केलता ना बे? आत ये. लाजायचं न्हाई."

गेला बिचारा आत. बराच वेळ नुसते हुंकार ऐकू येत होते. बाहेर आला तो गॉगल हातात, डोळे लाल, आणि चाल एकदम सुटसुटीत. ट्रॅक्टर चालवून चालवून त्याची पाठ लाकूड झाली होती, ती मोकळी झाली. दारात थांबला, वस्तादांच्या पाया पडला आणि म्हणाला,

"स्पेशलच होतं, वस्ताद!"

आता तो बापालाही घेऊन येतो.

*

अर्जाचं काम हळूहळू पुढं सरकलं. कचेरीतून उत्तर आलं की, अंगाला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पाहिजे. माझ्याकडं होतं. मावशी आणि वस्तादांकडं कुठलं असणार? पण वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, असं कळलं. परीक्षा बीडला. वस्ताद हात दाखवून पास झाले. मग मावशींची पाळी.

मावशींना वाचता येत नाही, म्हणून परीक्षक मॅडम प्रश्न वाचून दाखवत होत्या. तरुण पोरगी, पण बोलणं मोठं गोड. मला दारात उभं राहायची परवानगी दिली होती.

"मावशी, ग्राहक आली की सगळ्यात आधी काय कराल?"

अपेक्षित उत्तर होतं, स्वागत करून तब्येतीची माहिती विचारू. मावशी म्हणाल्या, "आधी विचारीन, कुणाची गं तू?"

"आणि मग?"

"मग विचारीन, बाळंत झालीस, का शेतात पडलीस, का सासूनं ढकललं."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "हे धरते मी बरोबर. माहितीच झाली की ती!"

मग प्रात्यक्षिक. समोर बाळाची बाहुली ठेवली. मावशींचे हात सुरू झाले आणि मॅडम बघतच राहिल्या. छाती, पोट, तळपाय, सगळं पाण्यासारखं. शेवटी मावशींनी तेलाची बाटली उचलली, बाहुलीच्या कानात दोन थेंब सोडले आणि बाटली नाकाकडं नेली.

"थांबा मावशी," मॅडम म्हणाल्या. "कानात, नाकात तेल का घालता?"

"घालतातच की. आमी सगळ्यांच्याच घातलं."

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. नाकातलं तेल श्वासाबरोबर छातीत उतरू शकतं, कानात साचलं तर बाळाला दुखणं होऊ शकतं, असं सगळं त्यांनी अगदी समजावून सांगितलं. म्हणाल्या, "तुमचे हात फार चांगले आहेत. पण मी ह्यावर पास करू शकत नाही. पुढच्या वेळी या."

परतीच्या एसटीत मावशी सारख्या आपल्या हातांकडं बघत होत्या. मला वाटलं, नापास झाल्याचं लागलं असेल. वडवणीला उतरलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"संगे, मी लई लेकरांच्या नाकात तेल घातलं गं."

"मावशी, तुमाला कुणी सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलं ना?"

दुसऱ्या दिवसापासून मावशी केंद्रात उशिरा यायला लागल्या. आधी वस्तीवर जायच्या. ज्या ज्या घरात मालिश केली होती, ज्या ज्या सुनेला शिकवली होती, त्या घरी जाऊन उंबऱ्यातूनच सांगायच्या, "बाई, लेकराच्या कानात, नाकात तेल घालायचं न्हाई. मी सांगितलं होतं ते चुकीचं होतं." चहालाही थांबायच्या नाहीत.

एका घरी आजीबाई भेटल्या. त्या मावशींच्या बरोबरीच्या, बोलायला फटकळ. कमरेवर हात देऊन म्हणाल्या, "कावून? तूच तर माझ्या नातवाच्या नाकात घातलं! आता कावून घालायचं न्हाई?"

मावशी तितक्याच जोरात म्हणाल्या,

"कावून म्हंजे? मी त्यातच नापास झाले!"

पुढच्या वेळी पास झाल्या. प्रमाणपत्र घ्यायला नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

*

वस्ताद पास झाले होते खरे, पण त्यांच्या प्रमाणपत्राबरोबर एक अट आली होती. हाड बसवायचं नाही. मोडलेलं, निखळलेलं काहीही असो, हात लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं.

ही अट वस्तादांना लई जड गेली. त्यांचे वडील नावाजलेले हाडं बसवणारे. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवरून लोक दुखावलेल्या माणसांना बैलगाडीत घालून त्यांच्या दारात आणायचे. वस्तादही ते बघतच मोठे झाले. अट ऐकल्यावर ते म्हणाले, "संगीता, हे म्हंजे बापाचं नाव पुसल्यासारखं हाय." मग त्यांनीच विचारलं, "पर सही केलीय ना आपण?" म्हटलं, केलीय. "मग झालं."

आणि एका दुपारी त्यांच्याच गावाकडचा एक ओळखीचा माणूस आला. मोटारसायकलवरून पडलेला, मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं.

"वस्ताद, बसवा लवकर. मला कापूस वेचायला माणसं लावायचीत."

वस्तादांनी लांबूनच बघितलं. हात पाठीमागं बांधले. "ह्याला मी हात लावत न्हाई. आधी दवाखान्यात जा. हाडाचा फोटो काढ."

"फोटो? तुमी कधीपासून फोटो मागायला लागले?"

"आता मागतो."

"घाबरले का वस्ताद? पैलवान माणूस, एका मनगटाला भ्यायला?"

बाकावर बसलेली माणसं बघायला लागली. वस्तादांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हे चिडून मनगट धरतात का काय! पण हात पाठीमागचे सुटले नाहीत.

तो गडी ऐकेना. आवाज चढवून म्हणाला, "तुमच्या बापानं माझ्या बापाचा हात असाच बसवलता! कुठला फोटो न् कुठलं काय!"

"हां," वस्ताद हळू म्हणाले. "आन् तुझा बाप मरेस्तोवर वाकड्या हातानं जेवला."

त्या माणसानं आपल्या मनगटाकडं बघितलं. मग वस्तादांनी स्वतःच रिक्षा थांबवली, त्याला शेजारी बसवलं आणि दवाखान्यात घेऊन गेले. हाड मोडलेलंच होतं. प्लॅस्टर घालून होईपर्यंत वस्ताद बाहेर बाकावर बसून होते. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, पेशंटचे कोण तुम्ही?

वस्ताद म्हणाले, "मी त्याच्या हाताला हात न लावणारा!"

*

आता आमच्या घरचं सांगते, कारण पुढचं सगळं घरातूनच झालं.

माझे सासरे. गावभर त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणते. जमीनजुमला आहे, पूर्वी सरपंच होते, आजही गावातल्या कुठल्याही बैठकीत त्यांची खुर्ची मधली. आणि त्यांचीच सून लोकांच्या पाठी रगडते, हे पारावर चघळलं जायला लागलं. ज्या रस्त्याला केंद्र आहे त्या रस्त्यानं जाणंच आबांनी बंद केलं.

एकदा मला म्हणाले, "बोर्ड काढ."

"आबा, बोर्ड निघणार न्हाई."

"लोक काय म्हणत्यात म्हाईत हाय का?"

"म्हाईत हाय. त्यातले निम्मे वस्तादांकडं येतात."

"मग मी अर्ज देतो."

"द्या."

मला वाटलं, रागात बोलले. पण आबांनी खरंच दिला! स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं. त्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसले, टोपी काढून शेजारी ठेवली आणि म्हणाले,

"आज तुझ्याविरुद्ध अर्ज दिलाय."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. आमचे मिस्टर एकदा बापाकडं आणि एकदा माझ्याकडं बघायला लागले. राग मलाही आला होता. पण हातात पिठल्याची कढई होती आणि समोर जेवणारं माणूस होतं.

"बरं," मी म्हटलं. "पिठलं वाढू का?"

आबांनी ताट पुढं सरकवलं. "वाढ. झणझणीत झालंय."

*

अर्जावरून नोटीस निघाली. परवान्याचा निर्णय होईपर्यंत केंद्र बंद. नोटीस दारावर चिकटवली गेली.

मावशी म्हणाल्या, आता काय करायचं? मी म्हटलं, रोजच्यासारखं यायचं. आम्ही तिघंही सकाळी यायचो, अंगण झाडायचो आणि बाहेर खुर्च्या टाकून बसायचो. आत कुणाला घ्यायचं नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. पण बोलायला कुठं बंदी होती? ऊसतोडीच्या बायका आल्या की मी त्यांना अंगणात उभं करून कंबर कशी ताणायची, मोळी उचलताना गुडघे कसे वाकवायचे ते दाखवायचे. मावशी बाळंतिणींना तोंडी सांगायच्या. वस्ताद पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावायचे. अंगण भरून जायचं!

अशात एक दिवस दारात सरकारी जीप थांबली. नोटीसवर ज्यांची सही, तेच साहेब उतरले. दुसऱ्याच कामाला वडवणीत आले होते. उतरले ते सगळे एका बाजूला कलून, डोकं खांद्याकडं झुकलेलं.

"वस्ताद कोण?" साहेबांनी विचारलं. "जरा बघता का? मान धरलीय. इकडंही वळत नाही, तिकडंही वळत नाही."

वस्ताद उठले. असली मान बघितली की त्यांच्या बोटांना राहवत नाही. पण त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं.

मी खुर्चीतून उठले. एक मन म्हणत होतं, संगीता, दे मोकळी करून मान, काम होऊन जाईल. पण मग ते काम मानेमुळं झालं असतं. मला ते कायद्यानं पाहिजे होतं.

"साहेब, हात लावता येत न्हाई. नोटीस हाय."

"अहो, नोटीस मीच काढलीय!"

"म्हणून तर!"

"कुठंय ती नोटीस?"

"तुमच्या मागं, दारावर."

साहेबांना मागं बघायचं होतं, पण मान वळेना. शेवटी पाय उचलत उचलत अख्खे साहेबच वळले. नोटीस वाचली. तसेच पुन्हा अख्खे आमच्याकडं वळले. अंगणातल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. हसायची कुणाची हिंमत नव्हती.

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "सुनावणी लावतो लवकर."

जीपमध्ये बसायला लागले, तशी मावशींना दया आली. मागून ओरडल्या,

"साहेब, घरी जाऊन गरम पाण्यानं शेका! शेकाला लायसन लागत न्हाई!"

*

साहेबांनी शब्द पाळला. सुनावणी लागली, बीडला.

त्या सकाळी आमचे मिस्टर जीप घेऊन माजलगावला गेले होते. मी डबा बांधला, स्कूटी बाहेर काढली, तर फाटकाशी आबा उभे. धुतलेलं धोतर, कडक इस्त्रीची टोपी.

"बीडला निघालीस?"

"हो."

"मला बी जायचंय."

"कुठं?"

"तू जिथं चाललीस तिथंच. तक्रारदार हाय मी."

आता काय करायचं? म्हटलं, "बसा मागं."

अशी आमची स्वारी निघाली. पुढं मी, मागं माझ्याविरुद्ध तक्रार करणारे माझे सासरे! एक हात टोपीवर, एक हात स्कूटीच्या मागच्या दांडीवर. खड्डा आला की तेवढं म्हणायचे, "हळू."

लवकर पोचलो होतो, म्हणून कचेरीबाहेर झाडाखाली डबा सोडला. एकाच डब्यातल्या भाकरी दोघांनी खाल्ल्या. वस्ताद आणि मावशी एसटीनं आले. त्यांनी हे दृश्य बघितलं आणि दोघं लांबच थांबले. वस्ताद मावशींना विचारत होते, "ह्यांची तडजोड झाली का?" मला ऐकू येत होतं. तडजोड कसली? डबा एकच होता, एवढंच!

आत साहेबांची मान सरळ झाली होती. शेजारी तेच भाऊसाहेब, यादीवाले.

"तक्रारदार कोण?"

"मी," आबा उठले.

"आणि केंद्र कुणाचं?"

"माझं," मी उठले.

साहेबांनी आडनावं बघितली. "एकमेकांचे कोण तुम्ही?"

"सून हाय माझी," आबा म्हणाले. "तिच्याच गाडीवर आलो."

साहेब थोडे गोंधळले. पेन खाली ठेवलं. "बरं, तुमची तक्रार काय आहे ती तुमच्या तोंडून सांगा."

आबांनी टोपी नीट केली. ग्रामसभेत बोलायला उठायचे तशीच ढब.

"साहेब, माझी सून वडवणीत मालिश केंद्र चालवती. त्याला लायसन न्हाई."

"म्हणजे ते कायमचं बंद करावं, असं तुमचं म्हणणं आहे."

"मी कुठं म्हणलो बंद करा?"

"मग?"

"लायसन न्हाई, ही माझी तक्रार हाय. तुमी लायसन द्या. तक्रार मिटली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मावशींनी मागून माझा पदर घट्ट धरला.

भाऊसाहेब चाचरत म्हणाले, "पर आबा, यादीत मालिश न्हाई ना. यादी वरून..."

"यादी वरून येती ते मला म्हाईत हाय. सरपंच होतो मी. पर यादीच्या शेवटी 'इतर' असतंय का न्हाई?"

भाऊसाहेबांनी बघितलं. "असतंय."

"मग त्यात लिहा. इतर, आन् पुढं मालिश. पोरीनं कागदं सगळी दिलीत. म्हातारी परीक्षेला बसली, पैलवान परीक्षेला बसला. अजून कुणाला बसवायचं? मला?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी आमची प्रमाणपत्रं एकेक करून बघितली, मग अटी वाचून दाखवल्या. बायका-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या, औषध द्यायचं नाही, हाड बसवायचं नाही, परीक्षा दिल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक अटीला वस्ताद मागून "मान्य!" म्हणत होते. साहेबांनी सही केली.

मावशी रडल्या. वस्तादांनी भाऊसाहेबांना अशी मिठी मारली, की त्यांची पाठ कटकन वाजली. मी आबांकडं बघत होते. ते दाराबाहेर जाऊन चप्पल घालत होते.

परत निघालो. पुढं मी, मागं आबा. वाटेत घाटसावळी आलं. मग राहवेना.

"आबा, खरं सांगा. अर्ज दिला तवाच हे मनात होतं, का तिथं उभं राहिल्यावर सुचलं?"

आरशात आबा टोपी नीट करताना दिसले. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारलं.

"आबा?"

"समोर बघ," आबा म्हणाले. "ट्रक येतोय."

मी समोर बघितलं. रस्ता मोकळा होता.